भावाच्या नळीवर

"टिकली काढ," सासूबाई म्हणाल्या.

मी आरशासमोर उभी होते. रोज रात्री काढते तशी टिकली काढली आणि सवयीनं आरशाच्या कडेला चिकटवली. सासूबाईंनी ती तिथूनही नखानं खरवडली आणि चुलीत टाकली.

"आता काकणां."

चुडा मी फोडू दिला नाही. साबण लावून उतरवायला घेतला. डाव्या हातातली दोन काकणं काही केल्या निघेनात, तेव्हा दिगंबर पुढे आला. त्यानं माझा पंजा दोन्ही हातांत धरून दाबला आणि ती एकेक करून ओढून काढली. माझ्याच नवऱ्यानं माझा चुडा उतरवला, तेव्हा त्याची दाढी तीन आठवड्यांची वाढलेली होती.

"दुखता?" त्यानं विचारलं.

"नाही."

मंगळसूत्र मी स्वतः काढून सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते तांदळाच्या डब्यात खाली खुपसलं.

माजघरात माझी धाकटी जाऊ कुंदा अबोलीची वेणी माळून भिंतीला टेकून बसली होती. वेणी सासूबाईंनीच तिच्या केसांत खोचली होती. कपाळाला कुंकू, हातात भरगच्च काकणं. तिचा नवरा मरून पंचवीस दिवस झाले होते.

मुंबईहून एजंट कंपनीचा माणूस अकराच्या एस.टी.नं येणार होता. दीड वर्षाच्या पल्लवीला मी सकाळीच शेजारच्या घरी पोचवून आले होते. ती दिगंबरला बघून "बाबा" म्हणाली असती.

ही गोष्ट शहाऐंशी सालच्या जुलैची. आमच्या वाडीत दर तिसऱ्या घरातला एक माणूस बोटीवर असायचा. खलाशाचं एक सरकारी पुस्तक असतं, त्याला आमच्याकडे नळी म्हणतात. पूर्वी ते पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवत, म्हणून म्हणे. त्यात फोटो, सही, आणि कुठल्या बोटीवर काय काम केलं त्याची नोंद. नळी असलेल्याची पाळी वर्षा-दीड वर्षानं यायची. त्या दिवशी मुंबईत हजर झाला नाही, तर पुन्हा रांगेच्या शेवटी. नवीन नळ्या तर कधीच्याच बंद झाल्या होत्या. त्यामुळे एखादा आजारी पडला, की घरातला दुसरा त्याच्या नळीवर जायचा. भाऊ भावाच्या, पुतण्या काकाच्या. फोटो जुना, चेहरे सारखे, कोण बघतंय? वाडीत ह्याला कुणी फसवणूक म्हणत नसे.

फेब्रुवारीत दिगंबरची पाळी आली आणि त्याला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे. डॉक्टरी तपासणीत पहिल्या मिनिटाला बाहेर काढला असता.

"येशो जाईल," मी म्हणाले.

कल्पना माझी होती. हे मी इथं लिहून ठेवते, कारण घरात नंतर कुणीच ते बोलून दाखवलं नाही आणि न बोलण्यानं ते कमी झालं नाही. येशो म्हणजे यशवंत, धाकटा दीर. दोघांत दीड वर्षाचं अंतर. त्याचं लग्न होऊन नऊ महिने झाले होते. येशो मासेमारी करायचा, लहानपणापासून उघड्या होडीवर वाढलेला. दिगंबर होता तेलवाला, म्हणजे बोटीच्या पोटात, यंत्रांना तेल घालणारा. येशोनं इंजिनरूम कधी पाहिलीही नव्हती.

"तेल घालूचा काय शिकूक व्हया?" तो हसून म्हणाला होता. "वयनी, माका फक्त सही शिकव."

तीन संध्याकाळ मी त्याला माझ्या जुन्या पाटीवर दिगंबरची इंग्रजी सही शिकवली. मी वाडीतली एकटी बी.ए. झालेली. तिसऱ्या दिवशी त्याची सही दिगंबरपेक्षा चांगली यायला लागली, तर मीच म्हटलं, "जरा वाईट काढा भावोजी. संशय येईल." तेव्हा कुंदाही हसली होती.

बोटीवरून तो दिगंबर म्हणूनच पत्रं पाठवायचा. तिथली टपाल पिशवी साहेबाच्या हातून जाते, कोण उघडतं ठाऊक नाही, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून पाकिटावर माझं नाव आणि आत "प्रिय सौ. प्रमिला हिस". शेवटी "तुझाच दिगंबर". पत्र आलं की मी ते कुंदाला माजघरात नेऊन वाचून दाखवायची. माझं नाव आलं की थांबायची आणि कुंदा म्हणायची, "वाच गे, माका समाजता."

एका पत्रात त्यानं बोटीबद्दल लिहिलं होतं. "बोट वाफेची आहे, म्हातारी आहे. मागल्या बाजूस नाव रंगवले आहे गोल्डन मरियम. पण रंगाच्या खाली लोखंडात उठवलेली दुसरी अक्षरे हाताला लागतात. बोसन, म्हणजे डेकवरचा मुकादम, म्हणाला, तिची तीन नावे झाली. खाली फार उकडते. वर आलो की समुद्राकडे बघत बसतो. परसातल्या अबोलीला पाणी घालत जा." अबोली कुंदाची होती. त्या वाक्यावर ती उठून बाहेर गेली.

तार आली ती जूनच्या शेवटी. माझ्या नावानं. मी वाचली तेव्हा दिगंबर समोर पेज जेवत होता. लढाई चालू असलेल्या इराणच्या बंदराकडे जाताना गोल्डन मरियमवर क्षेपणास्त्र पडलं, बोट बुडाली, दिगंबर लक्ष्मण मोंडकर मृत. मी मराठीत सांगितलं. सासूबाईंनी आधी दिगंबरकडे बघितलं आणि मग कुंदाकडे. त्या क्रमाबद्दल मी त्यांना दोष देत नाही. मीही तसंच बघितलं होतं.

त्या रात्री ठरलं ते सासूबाईंनी ठरवलं.

"जो गेलो तो काय परत येवचो नाय," त्या म्हणाल्या. "जो आसा तेका तरी ठेवया. खरा सांगलास तर पोलीस ह्येका धरून नेतले. नळी जातली. आणि येशो बोटीर गेल्लोच नाय म्हणतले, म्हणजे तोय जातलो आणि ह्योय."

म्हणजे दिगंबर मेला. येशो घरात आहे. दिगंबरनं येशो व्हायचं.

"आणि कार्य?" कुंदानं विचारलं. "दहावा? बारावा?"

"कोणाचा करतलंस?" सासूबाईंचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "जित्या झिलाचा करू? की कागदार जितो आसा तेचा?"

कुणाचंच झालं नाही. कुंदा माजघरात तोंडात पदर कोंबून रडायची. एकदा तिनं मला गाठलं. "वयनी, माझी एकच गजाल आसा. तेंचां नाव खयतरी लिवा. यशवंत मेलो म्हणान कोणतरी लिवा. माका दुसरा काय नको."

"बघते," मी म्हणाले.

वेलणकर नावाचा तो माणूस साडेअकराला आला. पन्नाशीचा, बारीक, पॅन्ट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. पडवीत बसला, पाणी प्यायला, चहाला नको म्हणाला. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली फाईल काढली.

"बाई, वाईट झालं. पण विचारावं लागतं."

"विचारा."

त्यानं कंपनीचा इंग्रजी अहवाल माझ्यासमोर धरला. "तुम्हाला वाचता येतं असं पोस्टमन म्हणाला. वाचा."

मी वाचला. बोट एक्कावन्न साली स्कॉटलंडात बांधलेली, तेव्हा नाव ग्लेनार्डल. सतरा वर्षांनी ग्रीक मालकाकडे, नाव आयिया थेक्ला. मग एकोणऐंशी साली पनामाचं निशाण आणि गोल्डन मरियम. माल: सिमेंट आणि लोखंडी सळ्या. क्षेपणास्त्र मागच्या अंगाला पाण्याच्या रेषेजवळ घुसलं. कुणी टाकलं ते लिहिलं नव्हतं. बोट चाळीस मिनिटांत गेली.

"पस्तीस वर्षांची होती," वेलणकर म्हणाले. "ह्या फेरीनंतर भंगारातच जायची. चांगली बोट कुणी तिकडे धाडत नाही."

"माणसं किती गेली?"

"चार. चौघेही इंजिनरूममधले. डेकवरचा एकही नाही. उड्या मारल्या, उचलले गेले. एक तर पोहता न येणारा भंडारी, जेवण करणारा, तोसुद्धा वाचला."

माझ्या मागे दारात काकणं वाजली. येशो आमच्या बंदरातून समोरच्या खडकापर्यंत पोहत जाऊन परत यायचा, तेही पैज लावून. त्याला खाली इंजिनजवळ मीच बसवला होता. त्या सहीनं.

"घरात आणखी कोण?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी दोघांना बाहेर बोलावलं. दिगंबर आणि कुंदा एका चटईवर बसले. कुंदा टेकली आणि लगेच वीतभर सरकली.

"हे कोण?"

"धाकटे दीर. यशवंत."

"आणि ह्या?"

"त्यांच्या मिसेस."

वेलणकरांनी फाईलमधला नळीचा फोटो काढला. दिगंबरकडे बघितलं, फोटोकडे बघितलं. मग फोटो पालथा ठेवला.

"भावाभावांत साम्य फार."

"हो. दोघे सारखेच दिसायचे," मी म्हणाले.

ते दिगंबरकडे वळून म्हणाले, "यशवंतराव, शहाळं मिळेल का हो कुठे? पोट बिघडलंय एस.टी.नं." दिगंबर कोयता घेऊन उठला. सासूबाई पेला आणायला आत गेल्या. चटईवर कुंदा राहिली.

"बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, म्हणून बोलतो," वेलणकर हळू आवाजात म्हणाले. "मी अजून एक अक्षर लिहिलेलं नाही. बावीस वर्षं मी अशा घरांत जातोय. घरात माणूस गेलं की कोण रडलंय ते विचारावं लागत नाही." त्यांनी माझ्या डोळ्यांकडे बघितलं. मग कुंदाच्या. मग तिच्या वेणीकडे. "तुमचे डोळे सुजलेले नाहीत."

माझ्या हातावर काकणांचे वळ होते. मी हात पदराखाली घेतले.

"समजा," मी म्हणाले, "एखाद्या घरात भलताच माणूस बोटीवर गेला असेल, तर?"

"तर कंपनी म्हणेल, हा आमचा माणूसच नव्हे. नळीवाल्यावर खटला. सहा महिने, वर्ष, सांगता येत नाही. नळी कायमची रद्द. घराला काहीही मिळायचं नाही."

"आणि जो गेला तो?"

"त्याचं नाव मी लिहीन. माझ्या अहवालात. ह्या नावाचा माणूस ह्या दिवशी ह्या बोटीवर वारला. तेवढं माझ्या हातात आहे. ते कुणी खोडू शकत नाही."

कुंदानं मान वर केली. तिला बोलायची गरजच नव्हती. तिला हवं होतं ते ह्या परक्या माणसानं, तिनं न मागता, तिच्यासमोर आणून ठेवलं होतं. आता फक्त मी 'हो' म्हणायचं होतं.

परसातून कोयत्याचे घाव ऐकू येत होते. दिगंबर शहाळं सोलत होता. कावीळ गेली होती तरी त्याला दम लागायचा. मला कोठडीतला दिगंबर दिसला, आणि पल्लवी दिसली, आणि मला पुढचं काही बघवेना.

"लिहा," मी म्हणाले. "माझे मिस्टर दिगंबर लक्ष्मण मोंडकर बोटीवर वारले."

वेलणकरांनी पेनाचं टोपण काढलं. त्यानंतर त्यांनी माझ्या डोळ्यांकडे एकदाही बघितलं नाही.

"मुलं?"

"एक मुलगी."

"आणि आता... विचारावं लागतं, बाई. दिवस वगैरे? असतील तर त्या मुलाचाही हक्क लागतो."

"नाही," मी म्हणाले. आधीच्या सगळ्या उत्तरांपेक्षा हे लवकर आलं.

मला दोन महिने होऊन गेले होते. घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. दिगंबरलासुद्धा नाही, त्याला भावाचं नाव धारण करायला सांगत होते, त्याच आठवड्यात हे कसं सांगायचं?

मी इंग्रजीत सही केली. शहाळं आलं. वेलणकर ते उभ्याउभ्याच प्यायले आणि निघाले. दिगंबर छत्री घेऊन त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेला. लांबून त्यांचा आवाज आला, "सांभाळा, यशवंतराव," आणि दिगंबरचा, "होय साहेब."

मी मागल्या दारी गेले आणि पोटात होतं नव्हतं ते माडाच्या बुंध्याशी ओकले. तोंड पुसायला वळले तर कुंदा पाण्याचा तांब्या घेऊन उभी.

"किती म्हयने?" तिनं विचारलं.

मी तांब्या घेतला.

"माका आठ दिवसांपासून ठावक आसा," ती म्हणाली. "रोज सकाळी तू चुलीकडसून उठून जातंस. तुका वाटता तूच एकटी सगळा बघतंस."

"दोन. वर थोडे दिवस."

ती बोटांवर मोजायला लागली. घाई नव्हती. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे. मेवर तिचं बोट थांबलं.

"भावोजी फेब्रुवारीत बोटीर गेले. कागदार. थयसरच मेले. मगे ह्या पोर कागदार कोणाचा?"

मी तांब्यातलं पाणी तोंडावर मारलं.

"वाडी काय बोलाची नाय. पण दवाखान्यात इचारतले. शाळेत इचारतले. रांडमुंड बायलेक पोर खयसून, म्हणान इचारतले." तिचा आवाज चढला नव्हता. "तुझो घोव मेलो. तूच सांगलंस मघाशी. माझो जितो आसा. जित्या माणसाक पोर झाला तर कोण काय म्हणतला?"

"कुंदा—"

"ता माझा," ती म्हणाली. "माका कागदार घोव दिलास, आता तेचां पोर पण दी. नायतर आताच धावत जातंय स्टँडार. एस.टी. सुटूक नाय अजून."

एस.टी. सुटायला खरंच वीस मिनिटं होती. मी तिला अडवू शकले असते, पाया पडू शकले असते. ती रागात बोलतेय, उद्या विसरेल, असंही मनाला सांगून बघितलं. पण तिच्याकडे बघून कळत होतं, की ती हे आठ दिवस मोजत होती. आणि पडवीत मी खरं बोलले असते, तर तिनं हे तोंडातून काढलंही नसतं. तिनं मला आधी संधी दिली होती.

"बरं," मी म्हणाले.

"बरां नको. सांग."

"तुझं."

मग ती गेली. वेणी उपटून तिनं शेणाच्या खड्ड्यात टाकली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं रडली. कुणी तिला गप्प केलं नाही.

पुढचं सगळं सोपं गेलं, इतकं सोपं की मला भीती वाटायची. पाचव्या महिन्यानंतर मी घराबाहेर पडले नाही. फेब्रुवारीत तालुक्याच्या दवाखान्यात माझं नाव 'कुंदा यशवंत मोंडकर' असं घातलं गेलं. कुंदा माझी जाऊ म्हणून खाटेशेजारी बसली. तीन दिवस मी त्या नावाला 'ओ' देत होते. मुलगा झाला. नर्स म्हणाली, "कुंदाबाई, घ्या, पाजा त्याला," आणि आम्ही दोघींनी एकदमच हात पुढे केले. नर्स हसली. "अहो, तुम्ही नाही, ह्या."

सहा महिने मी त्याला पाजलं. मग कुंदानं गाईचं दूध सुरू केलं आणि घराच्या तिच्या बाजूच्या खोलीत त्याचा पाळणा नेला. बारशाला मांडीवर घेऊन तीच बसली होती. निखिल हे नाव तिनं ठेवलं. मला विचारलं नाही. दिगंबर बारशाला बाप म्हणून बसला. तो बाप होताच, फक्त बायको दुसरी होती. तो पुन्हा बोटीवर जाऊ शकला नाही. जिच्यासाठी हे सगळं झालं ती नळी मेलेल्या माणसाची, ती कंपनीनं रद्द करून घेतली. आता तो लोकांच्या ट्रॉलरवर जातो. रस्त्यात कुणी "यशवंत" म्हणून हाक मारली की लगेच वळतो. मी घरात "दिगंबर" म्हटलं तर कधीकधी दोनदा म्हणावं लागतं.

कुंदा वाईट आई नाही. हे मला सर्वांत जास्त लागतं. निखिलला ताप आला की ती रात्रभर बसते. मी दाराच्या फटीतून बघते. तिला माहीत असतं मी बघतेय, आणि ती दार लावत नाही, पण उघडतही नाही. पल्लवीच्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांच्या नावामागे कैलासवासी आहे. ती बारा वर्षांची आहे, वडिलांच्या ताटात जेवते, आणि तिनं आम्हाला ह्याबद्दल अजून काही विचारलेलं नाही. विचारेल. मी रोज वाट बघते.

येशोचं नाव अजून कुठेच मेलेलं नाही. गेल्या निवडणुकीच्या यादीत होतं. वय वर्षं चौतीस.

परवा दुपारी निखिल शाळेतून धावत आला. दप्तर उंबऱ्यात टाकलं. त्याला गणितात पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते आणि पेपर हातात फडफडत होता. मी भाजी निवडत होते. मी हात पुढे केला.

"काकी," तो पेपर छातीशी धरून म्हणाला, "आई खय गेली?"

"पाणी आणूक बावीर गेली हा," मी म्हणाले. "येतली आता. बस."